धारेचा आवाज फोनवर टिपला, ॲप म्हणतं अडथळा आहे. मग नळीची तपासणी टाळायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६८ वर्षांचे, बडोद्यात दांडिया बाजारात राहतात. धार बारीक झाली आहे, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. दवाखान्यात त्यांना युरोफ्लोच्या, म्हणजे धारेचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर लघवी करायला सांगितलं. दाराबाहेर माणसं ताटकळलेली, त्यामुळे जेमतेम ८० मिली झाली आणि कागदावर ‘कमाल वेग ६’ (म्हणजे सेकंदाला ६ मिली) छापून आलं. तुम्ही पुण्याहून सुट्टीत आलात, त्यांच्या बाथरूममध्ये फोन ठेवून काही दिवस आवाज टिपला आणि तो एका ॲपला दिला. ॲपने कमाल वेग ११ दाखवला, आलेख सपाट काढला आणि खाली ‘अडथळ्याची शक्यता’ असं लिहिलं. डॉक्टर आता नळी घालून करायची युरोडायनॅमिक तपासणी सुचवत आहेत. अडथळा आवाजावरूनच ठरला असेल तर ती टाळता येईल का, असं तुम्ही विचारता.

टाळता येण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे, पण ॲपमुळे नाही. मी बडोद्यातच युरोलॉजी करतो आणि हल्ली फोनवरची रेकॉर्डिंग घेऊन येणारी मुलं-सुना माझ्याकडेही येतात. ती रेकॉर्डिंग मी ऐकतो, त्यांचा उपयोगही करतो. फक्त तुम्ही तिच्याकडून जे काढू पाहताय ते तिच्यात नाही.

आवाजात काय असतं ते आधी बघू. धार कमोडमधल्या पाण्यावर पडते तेव्हा आपण ऐकतो तो मुख्यतः बुडबुड्यांचा आवाज. धारेबरोबर हवा पाण्यात ओढली जाते, तिचे बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा आपल्या आकाराप्रमाणे वाजतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३.३ किलोहर्ट्झला, मोठा असेल तर खालच्या सुरात. धार जोरात असली की बुडबुडे जास्त आणि आवाज मोठा, म्हणून आवाजाच्या चढउतारावरून वेगाचा चढउतार काढता येतो. कल्पना खरी आहे आणि चांगल्या परिस्थितीत चालतेही. पण धार पाण्यावर न पडता कमोडच्या भिंतीवर पडली, माणूस उभा न राहता बसला, फोन खिडकीतून बादलीजवळ आला, की तोच वेग वेगळा वाजतो. भारतीय पद्धतीच्या शौचकुपात तर पाण्याचं डबकं खोल आत असतं आणि धार उतारावरच पडते. तिथला आवाज आणि कमोडमधला आवाज यांची तुलनाच करू नका.

म्हणजे आवाजातून मिळतो तो वेगाचा अंदाज. आणि वेग कळला तरी अडथळा कळत नाही. घरातला नळ बारीक वाहतो तेव्हा नळात गाळ अडकलेला असू शकतो किंवा गच्चीवरच्या टाकीत पाणीच कमी असू शकतं. बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज दोन्ही वेळा सारखाच येणार. पिशवीखाली मूत्रमार्गाभोवती असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीने मार्ग दाबला असेल तरी धार बारीक होते आणि लघवीच्या पिशवीचा स्नायू थकला असेल तरी बारीक होते. दुसरा प्रकार वयस्कांत आणि जुन्या मधुमेहींत अजिबात विरळ नाही. अशा माणसाचं प्रोस्टेट खरवडून काढलं तर शस्त्रक्रिया नीट होऊनही धार तशीच राहू शकते.

नळीच्या तपासणीत नेमकं हेच वेगळं काढलं जातं. पिशवीत एक बारीक नळी आणि गुदद्वारात दुसरी ठेवून, लघवी होत असताना स्नायूचा स्वतःचा दाब मोजतात. मग एक साधं गणित करतात: वेग कमाल असतानाचा दाब, त्यातून त्या वेगाची दुप्पट वजा. उत्तर ४० च्या वर आलं तर अडथळा, २० च्या खाली आलं तर नाही, मधलं असेल तर संदिग्ध. समजा दोन माणसांचा कमाल वेग ९ आहे. एकाचा दाब ८०, म्हणजे ८० वजा १८, उत्तर ६२. याला अडथळा आहे. दुसऱ्याचा दाब २५, उत्तर ७. याला नाही. दोघांची रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावली तर मला, तुम्हाला किंवा ॲपला फरक सांगता येणार नाही.

हे ॲपचंच दुबळेपण आहे असं समजू नका. दवाखान्यातल्या लाखभराच्या युरोफ्लो यंत्रालाही हीच मर्यादा आहे. युरोपच्या युरोलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत याचे आकडे दिलेले आहेत. कमाल वेग सेकंदाला १० मिलीच्या खाली आला तर त्यातल्या साधारण ७० टक्के पुरुषांना खरोखर अडथळा असतो. आणि ज्यांना अडथळा आहे त्यांच्यातले निम्म्याहून जास्त या रेषेखाली येतच नाहीत. काहींची पिशवी इतकी जोर लावते की अडथळा असूनही वेग बरा दिसतो. मग युरोफ्लो करायचंच कशाला? तर गाळणी म्हणून, आणि उपचारानंतर फरक पडला का ते बघायला.

सिंगापूरच्या जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये आवाजावरून लघवीचा वेग ओळखणारी संगणकप्रणाली मांडली, त्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. काम चांगलं आहे. पण त्यातली रेकॉर्डिंग ध्वनिरोधक खोलीत केलेली होती. शिवाय अशा प्रणालीला शिकवण्यासाठी उत्तरपत्रिका म्हणून युरोफ्लोचं यंत्रच वापरलेलं असतं. त्यामुळे ती अगदी उत्तम चालली तरी युरोफ्लोच्या बरोबरीला येईल, पुढे जाणार नाही. नळीची तपासणी ती कशी टाळेल?

आवाजावरून खुद्द अडथळाच ओळखण्याची एक वेगळी वाटही आहे. फुप्फुसं ऐकावीत तसा मूत्रमार्ग ऐकायचा. अरुंद जागेतून लघवी जोरात निघाली की तिच्या पुढच्या भागात भोवरे होतात आणि मार्गाच्या भिंती थरथरतात. ही थरथर अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी मायक्रोफोन चिकटवून टिपायची. अमेरिकेत लघवीच्या आवाजाची अशी नोंद घेण्याचे प्रयत्न १९६६ पासून आहेत आणि नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी २००० नंतर यावर बरंच काम केलं. रोजच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र ही पद्धत आलेली नाही. आणि शरीराला चिकटवलेला मायक्रोफोन वेगळा, बाथरूमच्या कट्ट्यावर ठेवलेला फोन वेगळा.

आता तुमच्या त्या ‘सपाट’ आलेखाबद्दल. तुम्हाला त्याचीच धास्ती वाटतेय आणि माझ्या मते त्याच्यावरच सर्वांत कमी विश्वास ठेवावा. निरोगी माणसाचा आलेख घंटेसारखा असतो, लवकर चढतो आणि उतरतो. प्रोस्टेटच्या अडथळ्यात टोक बुटकं आणि शेपूट लांब. मूत्रमार्ग एका ठिकाणी आकसलेला असेल तर माथा टेबलासारखा सपाट. पोटाने जोर लावून करणाऱ्याचा करवतीसारखा. हे सगळं पुस्तकातलं, आणि यंत्रावर बऱ्याच वेळा दिसतंही. पण फोन बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो. बरेच फोन मोठा आवाज आपणहून खाली ओढतात आणि बारीक आवाज वर उचलतात, म्हणजे चढउतार पुसूनच टाकतात. सलग येणारा खळखळाट तर फोनला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ‘पार्श्वभूमीचा गोंगाट’ म्हणून तो दाबायला जातो. तुम्ही टिपताय नेमकं तेच! वर ती फाइल व्हॉट्सॲपवरून आली असेल तर आणखी दाबली गेलेली. अशा प्रवासातून कोणाचाही आलेख सपाटच निघू शकतो.

हे तपासायला डॉक्टर लागत नाही. मापाच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या, फोन रोजच्या जागी ठेवा आणि रोजच्या उंचीवरून कमोडमध्ये ओता. आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. ॲपने घंटा काढली तर निदान फोनवर थोडा भरवसा ठेवता येईल. तरीही सपाट काढला तर तो सपाटपणा वडिलांचा नाही. तुम्ही सॉफ्टवेअरमधले आहात, रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद करून आणि न दाबलेली फाइल घेऊन हाच प्रयोग पुन्हा करा.

आवाजातली एक गोष्ट मात्र फोनला सहसा बिघडवता येत नाही, ती म्हणजे वेळ. धार कधी सुरू झाली, किती वेळा तुटली, कधी संपली, नंतर थेंब किती वेळ पडत राहिले. मला रेकॉर्डिंगमधून हेच हवं असतं. वडिलांना सांगा, कमोडसमोर तयार होऊन उभं राहिलं की ‘हं’ म्हणा. त्या ‘हं’पासून पहिल्या आवाजापर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. मग जमेल तेव्हा कमोडऐवजी मापाच्या भांड्यात करायला सांगा. ३०० मिलीला ४० सेकंद लागले तर सरासरी वेग साडेसात. कमाल वेग नाही कळला, हरकत नाही. हा आकडा कोणत्याही ॲपच्या अंदाजापेक्षा पक्का आहे, कारण मिली आणि सेकंद दोन्ही प्रत्यक्ष मोजलेले.

आणि या बाबतीत घरची नोंद दवाखान्यातल्या एका फेरीपेक्षा खरंच सरस असते. वडिलांचा तो ‘६’ मी बाजूला ठेवीन. १५० मिलीच्या खाली झालेल्या लघवीवरून वेग ठरवत नाहीत आणि ८० म्हणजे तर त्याच्या जवळपास निम्मी. लोक बाहेर उभे असताना लघवी न होणं हा काही आजार नाही. उलट खूप वेळ दाबून धरल्यावर पिशवी ताणली जाते, तेव्हाही वेग पडतो. घरी नैसर्गिक भावना झाल्यावर, आपल्या बाथरूममध्ये, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नोंदी जास्त खऱ्या. नवरात्रात मात्र रात्रीची रेकॉर्डिंग करू नका. बडोद्यात गरब्याचे लाउडस्पीकर आणि बाथरूमची खिडकी यांच्यामध्ये कोणतंही ॲप टिकायचं नाही.

तुम्ही ज्याबद्दल दोनच शब्द लिहिलेत ते रात्रीचं उठणं मला धारेपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण त्रास बहुधा त्याचाच आहे आणि त्याचं मूळ प्रोस्टेटमध्ये असेलच असं नाही. तीन दिवस वही ठेवा: वेळ, किती मिली, काय प्यायले. झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी बेरीज चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या एक-तृतीयांशाहून जास्त निघाली तर रात्री लघवी तयारच जास्त होतेय. पायावर सूज, रक्तदाबाच्या काही गोळ्या, साखर, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, किंवा नुसतं रात्री जेवणावरचं दोन ग्लास ताक आणि उशिराचा चहा, यांपैकी काहीही असू शकतं. अशा माणसाला प्रोस्टेटची कितीही गोळी द्या, तो उठणारच. उलट दर वेळी ६०-७० मिलीच होत असेल तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाहीये किंवा चिडलेली आहे. ही वही भरलेली असली की माझं अर्धं काम झालेलं असतं.

मग नळीची तपासणी? हे परिस्थितीवर आहे. शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल आणि वय ५० च्या खाली किंवा ८० च्या वर असेल, प्रयत्न करूनही १५० मिली होत नसेल, मागे ३०० मिलीहून जास्त शिल्लक राहत असेल, आधी शस्त्रक्रिया होऊन फरक पडला नसेल, किंवा पार्किन्सन, पक्षाघात, मणक्याचा आजार, जुना मधुमेह असं काही असेल, तर मी स्वतः ती करून घ्यायला सांगतो. यांतलं काही नसेल आणि अजून एक गोळीही घेऊन पाहिली नसेल, तर पहिल्या भेटीत ती करायची गरज बहुतेकांना नसते. तुमच्या डॉक्टरांनी ती का सुचवली ते त्यांना सरळ विचारा. ८० मिलीच्या त्या कागदामुळे असेल तर घरच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवा आणि युरोफ्लो पुन्हा करू द्या, गर्दी नसलेल्या वेळी. वडिलांच्या मधुमेहाबद्दल किंवा पाठीच्या मणक्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. तिथे काही असेल तर माझं उत्तर बदलेल.

त्याआधी करायच्या गोष्टी साध्या आहेत. लघवीची तपासणी, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, बोटाने प्रोस्टेटची तपासणी, समजावून सांगून पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी, आणि सात प्रश्नांची लक्षणांची गुणपत्रिका. तिच्यात ७ पर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे ३५ पर्यंत तीव्र. आणि सोनोग्राफी, लघवी करून आल्यावर शिल्लक किती राहिली हे मोजून. शिल्लक राहिलेली लघवी आवाज करत नाही, म्हणून हा आकडा कोणत्याही रेकॉर्डिंगमधून मिळणार नाही. पण इथेही एक खबरदारी घ्या. सोनोग्राफीच्या आधी लिटरभर पाणी पाजतात, नंबर येईपर्यंत तास जातो, पिशवी फुगून टम्म होते आणि मग एका दमात रिकामी होत नाही. कागदावर ‘शिल्लक १८०’ येतं आणि घरात रडारड. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा लघवी करून मोजणी परत करून मागा. रेडिओलॉजिस्ट नाही म्हणत नाहीत. किडनीतून पिशवीकडे येणाऱ्या नळीत खडा अडकला असेल, जो आपल्याकडे गुजरातच्या उन्हाळ्यात पुष्कळांना अडकतो, तर धारेच्या आवाजात त्याचा पत्ताही लागत नाही. तो सोनोग्राफीत दिसू शकतो, पण दर वेळी दिसेलच असं नाही.

हे सगळं ठीक निघालं तर बहुधा टॅम्सुलोसिनसारखी गोळी सुरू होईल. तिचा परिणाम काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत कळतो आणि इथे तुमचा फोन कामाला येईल. तोच फोन, तीच जागा, तेच सेटिंग, गोळीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा. ‘हं’पासून धारेपर्यंतची वेळ २० सेकंदांवरून ८ वर आली, तुटणं थांबलं, त्याच ३०० मिलीला ४० ऐवजी २५ सेकंद लागले, तर मला आणखी पुरावा नको. या गोळीने काहींना उठून उभं राहताना चक्कर येते, तेव्हा रात्री उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला थोडं बसायला सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल आधी सांगणं अगदी जरुरीचं आहे. प्रोस्टेट मोठं असेल आणि दुसऱ्या प्रकारची, ते आकसवणारी गोळी दिली असेल, तर सहा महिने तरी द्यावे लागतात. तिचा हिशेब आठवड्याच्या रेकॉर्डिंगवर करू नका.

काही गोष्टींत रेकॉर्डिंग वगैरे करत बसायचं नाही. भावना आहे, ओटीपोट दुखतंय, फुगलंय आणि लघवी होतच नाही, तर तासाभरात दवाखाना गाठा. थंडीत सर्दीची गोळी घेऊन लघवी तुंबलेले लोक मी दर हिवाळ्यात बघतो, तेव्हा नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वडिलांना देऊ नका. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, किंवा झोपेत नकळत थेंब थेंब गळणं दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा. शेवटचं लोकांना किरकोळ वाटतं. पण पिशवी काठोकाठ भरून वाहत असेल तर दुखत नाही आणि किडन्या मात्र मागच्या मागे खराब होत राहतात.

कोणतं ॲप वापरू, असंही तुम्ही विचारलंय. मापाचं भांडं, फोनमधला साधा रेकॉर्डर आणि वही एवढं माझ्या कामाला पुरतं. ॲपवर आवाज चढवायचाच असेल तर तो कुठे साठवला जातो ते आधी वाचा. आणि फोन बाथरूममध्ये ठेवलाय हे वडिलांना माहीत आहे ना? तुमच्या लिहिण्यावरून ते मला कळलं नाही. माहीत नसेल तर आज सांगा. कमोडसमोर ‘हं’ त्यांनाच म्हणायचंय.